खालच्या बोल्टचा दोरा

माग्वेबू आमची शेजारीण. बुलावायोच्या लुवेवे वस्तीत आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे आणि छत्तीस वर्षं त्या भिंतीवरून मीठ, काड्यापेटी आणि तक्रारी इकडून तिकडे जात आल्या. ती केझी गावाकडच्या ग्वेबूंची मुलगी, म्हणून माग्वेबू. खाबोशी लग्न करून आली तेव्हा पायाने चालवायचं शिलाई मशीन बरोबर घेऊन आली, आणि त्यावर आसपासच्या शाळांचे गणवेश शिवत तिने पाच मुलं वाढवली. कॉलर केसभर वाकडी आली तरी उसवायची आणि पुन्हा शिवायची. घालणाऱ्या पोराला ते कळलंही नसतं. मी रेल्वेच्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होतो. पंप, झडपा, वाफेचे नळ. कामाच्या बाबतीत कुणाला चांगलं म्हणायला माझी जीभ लवकर वळत नाही. माग्वेबूला चांगलं म्हणायला मला छत्तीस वर्षं आणि चार दिवस लागले. त्यातले चार दिवस सांगतो.

खाबो टायरच्या दुकानात गोदाम सांभाळायचा. दुकानाचा गोरा मालक देश सोडून दक्षिणेला निघाला तेव्हा आपली गाडी खाबोला देऊन गेला. दोन दारं, दोन माणसांपुरती जागा, टप मागे दुमडायचं, रंग हिरवा. इंग्लंडातली, शर्यतीच्या थाटाची. पाच मुलांच्या बापाला दोन जागांची गाडी, म्हणून सगळं लुवेवे हसलं. खाबोने हसू दिलं. दर रविवारी तो माग्वेबूला शेजारी बसवून चर्चला जायचा, मुलं मागून चालत. गाडीला त्याने कुणाला हात लावू दिला नाही, मलाही नाही. बिघडली की बॉनेट उघडून स्वतःच आत घुसायचा आणि माग्वेबू दिवा धरून उभी राहायची. मी भिंतीवरून पाहायचो. ती दिवा धरते, एवढंच मला दिसायचं.

मग खाबो गेला. गाडी वर्षभर विटांवर उभी होती. वर्ष झालं की आमच्यात विधी करून गेलेल्या माणसाच्या आत्म्याला घरी परत बोलावतात. तो दिवस ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ठरला, केझीजवळच्या खाबोंच्या मूळ घरी. त्याच दिवशी माग्वेबू काळे कपडे उतरवणार होती आणि त्याच दिवशी खाबोच्या वस्तू वाटल्या जाणार होत्या. वाटणारे थोरले खाबो, त्याचे मोठे भाऊ. गाडीबद्दल त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"माझ्या भावाची गाडी त्याच्या अंगणात स्वतःच्या पायांनी आली तर माग्वेबूची. दोरखंडाला बांधून आली तर ती मेलेली वस्तू. मेलेल्या वस्तूचं काय करायचं ते मी बघीन."

काय करणार ते सगळ्यांना माहीत होतं. सीमेपलीकडच्या फ्रान्सिसटाउनचा एक माणूस तिचे सुटे भाग काढायला टपून बसला होता.

माग्वेबूला गाडी चालवता येत नाही. तरी तिला ती हवी होती. मी एकदा विचारलं, उभ्या गाडीचं काय करणार. ती म्हणाली, "मासुकू, या घरातल्या सगळ्या जागा सगळ्यांच्या आहेत. ती डावीकडची सीट तेवढी माझी आहे."

गाडी चालू करायचं काम जावयाकडे आलं. मेहलुली, तिच्या धाकट्या मुलीचा, बुहलेचा नवरा. बुहले जोहान्सबर्गला नर्स आहे. हा इथे रस्त्याकडेच्या झाडाखाली प्रवासी गाड्या दुरुस्त करतो. चाळिशीचा, जाड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या लग्नात दोन्ही घरांमधला मध्यस्थ मी होतो आणि या कामातही मध्यस्थ लागणार होताच. जावयाने सासूच्या तोंडाकडे पाहायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही. शहरात हल्ली पुष्कळांनी हे सोडलंय. माग्वेबूने सोडलं नव्हतं आणि त्यामुळे मेहलुलीनेही नाही. तो अंगणात, ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड, आणि मधे माझं स्टूल.

मंगळवारी सकाळी त्याने बॅटरी जोडली, पेट्रोल ओतलं आणि इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. मला बरं वाटलं. पाच मिनिटांनी पुढच्या बाजूने पाणी गळायला लागलं. आधी थेंब, मग धार.

"वॉटर पंपाचं पॅकिंग," मेहलुली म्हणाला. "वर्षभर सुकलं. कागदच तो."

"पंप नाही ना गेला?"

"दांडा हलत नाही. पॅकिंगच." तो खाली वाकून बघत राहिला. "जेवणाआधी उरकेल, बाबा."

ते जेवण कुठल्या दिवसाचं हे त्याने सांगितलं नव्हतं.

त्याचं काम मात्र नीट होतं. रेडिएटरमधलं पाणी जमिनीवर न सोडता टबात धरलं, कारण आमच्याकडे नळाला पाणी सोमवारी आणि गुरुवारी, तेही आलं तर. रेडिएटर काढला, पट्टा काढला, पंखा काढला. पंपाचे चार बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नव्हते, म्हणून त्याने पुठ्ठ्याला चार भोकं पाडली आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच जागेच्या भोकात खोचला. हे मी माझ्या हाताखालच्यांना बोंबलून बोंबलून शिकवायचो. जुना कागद त्याने ब्लेडने खरवडला, पेचकसाने नाही. मग तारेच्या ब्रशने बोल्ट साफ केले. खालच्या उजव्या बोल्टच्या आट्यांत काळं काहीतरी घट्ट बसलं होतं. तो ते घासत राहिला, आटे चकचकीत होईपर्यंत.

"शाबास," मी म्हणालो.

पडद्याआडून माझं नाव आलं. मी दाराशी गेलो. माग्वेबू खांद्यावर शाल ओढून भिंतीला टेकून उभी होती, अंगणातून दिसणार नाही अशी.

"त्याने तो बोल्ट घासला," ती म्हणाली.

"घाण होती. चांगलं केलं त्याने."

"तळच्या उजव्या बोल्टला दोरा लागतो. मेण लावलेला दोरा. जावयाला सांगा."

मी हसलो. "दोरा बटणाला लागतो, माग्वेबू. ते शिवणकाम. हे लोखंड आहे."

"सांगा त्याला," ती पुन्हा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मी स्टुलावर येऊन बसलो. "काय म्हणाल्या?" मेहलुलीने विचारलं.

"जेवायला काय करू म्हणून विचारत होती."

आता लिहिताना हे वाक्य मला चांगलं दिसत नाही. तेव्हा काही वाटलं नाही. तो घाईत आहे, त्याच्या डोक्यात बायकी गोष्टी कशाला भरायच्या, असा माझा विचार.

या गाडीचं तयार पॅकिंग बुलावायोत कुठे मिळत नाही. मेहलुलीने जाड कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि छोट्या हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने ठोकत गेला. कागद कडेवर कापला जातो आणि हुबेहूब आकार सुटा होतो. फार जोर लावला तर कागद फाटतो आणि पंपाची कडही दबते. त्याचा जोर बरोबर होता. दोन्ही बाजूंना हलकं ग्रीस, चारही बोल्ट आडवेतिडवे, थोडे थोडे करून आवळले. तीनच्या सुमाराला सगळं जोडून टबातलं पाणी गाळून पुन्हा भरलं.

इंजिन तापेपर्यंत कोरडं. तापलं आणि पंपाच्या खालच्या ओठातून थेंब आला. मग दुसरा.

मेहलुलीने इंजिन बंद केलं. पाना जमिनीवर ठेवला आणि कपडे झटकून घरी गेला.

बुधवारी त्याने जास्त जाड कागद आणला. तेच सगळं पुन्हा. तेच म्हणजे खरंच तेच: पाणी काढ, रेडिएटर काढ, पट्टा, पंखा, चार बोल्ट, खरवड, ठोक, जोड, भर. ज्याने हे कधी केलं नाही त्याला वाटतं, एका कागदाला कितीसा वेळ लागतो. कागदाला अर्धा तास लागतो. कागदापर्यंत पोचायला आणि परत यायला दिवस जातो. बोटांची सालं निघतात आणि शेवटी जे बघायला मिळतं तो एक थेंब असतो.

थेंब आला.

भाजी विकणारी माणडायी रोज आमच्या गल्लीतून जाते. फाटकाशी टोपली टेकवून तिने आत पाहिलं. "अजून गाडीची आंघोळ चाललीय? आमच्या घरी प्यायला पाणी नाही आणि तुम्ही हिला तिसऱ्यांदा न्हाऊ घालताय."

"दुसऱ्यांदा," मेहलुली म्हणाला.

"मग उद्या येते, तिसऱ्यांदा बघायला."

दुपारी माग्वेबूने ताट दिलं, मक्याच्या पिठाचा गोळा आणि आमच्याकडे आवडीने खातात त्या सुक्या अळ्यांचं कालवण. ताटात वाटीशेजारी पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ होतं.

"हे काय?" मेहलुलीने रीळ बोटांत फिरवलं.

"विसरली असेल. कामाच्या गडबडीत." मी ते घेऊन खिशात घातलं. आत पडदा हलला. माग्वेबू माझ्याकडे पाहत होती हे मला कळलं आणि मी कालवण वाढून घेतलं.

त्याच संध्याकाळी थोरले खाबो आपला ट्रक घेऊन आले. उतरले नाहीत, खिडकीतूनच बघितलं. टबातलं पाणी, सुटा पंखा, मेहलुलीचे काळे हात.

"काय जावई, मेली का?"

"नाही, बाबा. गळतेय फक्त."

"म्हातारा माणूस गळायला लागला की फार दिवस नसतात." त्यांनी सीटमागून जाड दोरखंडाचं वेटोळं उचललं आणि खिडकीतून आमच्या पायाशी टाकलं. "हे इथे राहू दे. शनिवारी पहाटे शोधाशोध नको."

ते गेल्यावर मेहलुलीने दोरखंड उचलून पायरीवर ठेवला. तिथे तो पुढचे दोन दिवस होता. माग्वेबूला चुलीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत जायला त्याच्यावरूनच पाय टाकावा लागायचा. तिने तो एकदाही बाजूला केला नाही.

गुरुवारी मेहलुलीला पंपाच्या तोंडाचाच संशय आला. सपाट नसेल. त्याने काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरला आणि पंपाचं तोंड त्यावर आठच्या आकड्यात घासत बसला. मी सरळपट्टी लावून बघितली, कुठे फट नव्हती. त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. दोन दिवसांत गळून गळून टबातलं निम्मं मातीत गेलं होतं. माग्वेबूने आपल्या पिंपातून बादली भरून पायरीवर ठेवली आणि आत गेली. मेहलुलीने ती उचलली तेव्हा मान खाली होती.

तिसरा कागद बसवायला त्याला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण आता त्याचा स्वतःच्या हातांवरच भरवसा राहिला नव्हता. बोल्ट आवळून सोडायचा, पुन्हा आवळायचा.

"जास्त आवळू नकोस. आटे जातील."

"मग तुम्ही आवळा, बाबा. अडतीस वर्षं तुमची. माझी काय, झाडाखालची."

मी सरळपट्टी पुसून बाजूला ठेवली. तो असं बोलणारा माणूस नाही.

पाणी भरल्यावर त्याने पंपाभोवती कोरडं मक्याचं पीठ भुरभुरलं, ओल कुठे सुरू होते ते कळावं म्हणून. "मी आत बसून इंजिन वाढवतो. तुम्ही बघा."

मी डोकं खाली घालून बघत होतो. इंजिन तापलं. पीठ पांढरं होतं, पांढरंच होतं. मग खालच्या उजव्या बोल्टच्या डोक्याभोवती एक बारीक करडं वर्तुळ आलं. सांध्यावरचं पीठ अजून कोरडं होतं. वर्तुळ मोठं झालं, खाली उतरलं, सांध्याच्या कडेवर आलं आणि तिथून थेंब पडला.

त्या बोल्टचं भोक आरपार होतं, इंजिनाच्या आतल्या पाण्यापर्यंत. पाणी कागदातून येतच नव्हतं. आट्यांमधून वर चढून डोक्याखालून बाहेर येत होतं आणि सांध्यावरून ओघळत होतं. शंभर कागद बसवले असते तरी गळलं असतं. नळ जोडणारा माणूस आट्यांना ताग गुंडाळतो आणि सफेदा फासतो, हे मी हजार वेळा पाहिलंय. स्वतः केलंय. तेच इथे होतं. मंगळवारी घासून काढलेलं ते काळं म्हणजे घाण नव्हतीच.

"कुठून?" मेहलुलीने आतून विचारलं.

"खालूनच," मी म्हणालो.

"खालून म्हणजे कुठून?"

"खालून. बघ तू."

तो उतरून येईपर्यंत सगळं पीठ भिजून लापशी झाली होती. त्याला काही दिसलं नाही. त्याने इंजिन बंद केलं. खिशातलं रीळ मला मांडीला टोचत होतं. सांगायचं म्हटलं तर हेही सांगावं लागलं असतं की मंगळवारी सांगितलं होतं, बुधवारी ताटात वाढून दिलं होतं. तीन दिवसांचं काम. त्याच्या बोटांवर रक्त सुकलेलं होतं. मी सकाळी सांगू म्हणून घरी गेलो. रात्रभर सकाळी कसं सांगायचं ते ठरवत होतो, आणि सकाळ झाली तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

शुक्रवारी मेहलुली उशिरा आला. त्याने बॉनेट उघडलंच नाही. पायरीपाशी जाऊन दोरखंड उचलला, वेटोळं सोडलं आणि गाडीच्या पुढच्या कडीला बांधायला वाकला.

"काय करतोस?"

"उद्या पहाटे घाई नको. बाबा, त्यांना सांगा, मला जमलं नाही. तुम्हीच सांगा. तुम्हाला बोलायला येतं."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण आधी पडदा बाजूला झाला आणि माग्वेबू दारात आली. मेहलुलीने झटकन पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, हातात दोरखंडाचं टोक. तिनेही शालीने अर्धं तोंड झाकलं आणि माझ्याकडेच बघत बोलली, पण आवाज भिंतीपर्यंत जाईल एवढा.

"मासुकू, मंगळवारी मी तुमच्याजवळ एक निरोप दिला होता."

"हो."

"तो पोचला का?"

मी पायाखालच्या मातीकडे बघितलं. पीठ आणि पाणी वाळून तिथे पापुद्रे धरले होते.

"बुहलेच्या लग्नात तुम्ही मध्यस्थ होता," ती म्हणाली. "तेव्हाही जावयाच्या घरचे, न्योनींकडचे निरोप तुम्हाला पटतील तेवढेच आणून दिलेत का? मला आता तोही संशय यायला लागलाय. तीस वर्षं मी त्या माणसाजवळ दिवा धरला. दिवा धरणाऱ्याला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? सगळ्यात जास्त त्यालाच दिसतं. तो दोरा खाबो नाही वळायचा. मी वळायचे."

मेहलुलीची मान भिंतीकडेच होती, पण कान इकडे होते.

"जावयाला घेऊन फाटकाबाहेर जा. मी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही. आणि माझं रीळ द्या."

मी रीळ दिलं. आम्ही बाहेर जाऊन गटाराच्या कठड्यावर बसलो. ऊन डोक्यावर होतं. मेहलुली समोरच्या कुत्र्याकडे बघत होता.

"मंगळवारी," तो म्हणाला.

"हो."

"मी बोल्ट घासत होतो तेव्हा."

"घासून झाल्यावर."

"आणि ते रीळ?"

"तेही."

"काल पीठ टाकलं तेव्हा तुम्हाला दिसलं होतं. तुमचा आवाज बदलला होता."

"दिसलं होतं."

तो उठला, रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन बसला. माझ्याजवळ सावली नव्हती आणि त्याच्याजवळ जागा होती, पण मी गेलो नाही.

अर्ध्या तासाने आतून ताटलीवर चमचा वाजला. आत गेलो तेव्हा माग्वेबू पडद्याआड गेली होती. पायरीवर, जिथे दोरखंड असायचा तिथे, ताटली होती आणि ताटलीत तो बोल्ट. तिने रेडिएटर, पट्टा, पंखा कशाला हात लावला नव्हता. इंजिनाखालून हात घालून खालचा एकच बोल्ट सोडवला होता, बाजूला वाटीत त्यातून आलेलं पाणी धरलं होतं. असं करता येतं हे आम्हा दोघांच्या ध्यानात चार दिवसांत आलं नव्हतं.

बोल्ट मी हातात घेऊन बघितला. दोन पदरी पिळलेला दोरा, मेणातून ओढलेला, वरून जुन्या हिरव्या तेलरंगाचा हात. पहिला आटा मोकळा सोडलेला, म्हणजे भोकात धरायला अडचण नको. तिथून पुढे प्रत्येक आट्याच्या खोबणीत एकेक वेढा, एकावर एक कुठेच नाही. आणि गुंडाळलेला बोल्ट आवळायच्या दिशेने. उलटा गुंडाळला असता तर आवळताना सुटून गोळा झाला असता. माझ्या हाताखाली अडतीस वर्षांत पुष्कळ पोरं शिकली. हे असं गुंडाळणारी दोन निघाली असतील.

"चांगलं आहे," मी पडद्याकडे बघून म्हणालो.

आत चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मेहलुलीने बोल्ट हाताने लावला, मग पान्याने, शेवटचा पाव फेरा अगदी हळू. गेलेलं पाणी माग्वेबूच्या पिंपातल्या शेवटच्या बादलीने भरलं. पिंप वाजायला लागलं, म्हणजे खाली तळ होता. इंजिन लावलं. तापू दिलं. वाढवलं, कमी केलं, पुन्हा वाढवलं. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. वीस मिनिटांनी मी ते काढून उन्हात धरलं. कोरडं. मेहलुलीने माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा बघितलं. आता माझ्या शब्दावर तो थांबणार नव्हता, आणि बरोबरच होतं.

शनिवारी सकाळी नवीनच घोळ. गाडीत जागा दोन. चालवणार मेहलुली. शेजारची सीट माग्वेबूची, तिच्यासाठीच हे सगळं. आणि जावई-सासू खांद्याला खांदा लावून नव्वद-शंभर किलोमीटर जाणार कसे? चार दिवस आम्ही गाडीखाली होतो, तिच्या आत कोण बसणार याचा विचार कुणी केला नव्हता. माझी नजर आता रस्त्याची नाही. शेवटी मी तिच्या सीटवर बसलो आणि ती थोरल्या खाबोंच्या ट्रकमध्ये, पायाशी दोरखंड घेऊन. चढताना ती मला म्हणाली, "सीट पुढे-मागे करू नका. माझ्या मापाची आहे."

गुडघे हनुवटीला लावून मी केझीपर्यंत गेलो. मेहलुली इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे बघत चालवत होता, माझ्याशी बोलत नव्हता. मातोबोच्या डोंगरातल्या चढावर काटा थोडा वर सरकला, तेव्हा त्याने वेग कमी केला. मागे ट्रक होता. थोरले खाबो एकदाही पुढे गेले नाहीत. मातीच्या रस्त्याला लागल्यावर दोनदा उतरून आम्ही खाली वाकून बघितलं. दोन्ही वेळा ट्रकही थांबला, आणि थोरले खाबोही वाकले.

अंगणात गाडी शिरली तेव्हा बायकांनी आनंदाची आरोळी दिली. थोरल्या खाबोंनी तिकडे लक्ष दिलं नाही. घरातून एक पांढरी पत्र्याची ताटली आणवली आणि पंपाच्या खाली सरकवून ठेवली. मग सगळं विधीप्रमाणे झालं, खाबोसाठी जमिनीवर बिअर ओतली, माणसं जेवली, माग्वेबूचे काळे कपडे उतरले आणि तिने निळे घातले. ते सगळं आटपल्यावर थोरले खाबो गुडघ्यावर बसले, ताटली ओढून घेतली, तळाशी बोट फिरवलं आणि बोट डोळ्याजवळ नेऊन बघितलं.

"धूळ आहे," ते म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण सगळ्यांसमोर बोललेला शब्द होता. "चालत आली. माग्वेबूची."

माग्वेबू बायकांमध्ये बसली होती. तिने मान हलवली, उठली आणि गाडीपाशी येऊन डाव्या दाराला हात लावून उभी राहिली. मेहलुली दहा पावलांवर पाठ करून पाणी पीत होता.

"मासुकू, जावयाला सांगा, दोन वर्षांनी तो दोरा बदलावा लागतो. कुजतो. मला कळवा, मी वळून देईन. आणि काढताना सगळा पसारा काढायची गरज नाही, खालून हात जातो."

मी दहा पावलं चाललो आणि शब्दन् शब्द सांगितला, दोन वर्षं, कुजतो, वळून देईन, खालून हात जातो. त्याला सगळं ऐकू आलेलं होतं. तरी त्याने मी संपवेपर्यंत वाट पाहिली.

"त्यांना सांगा, समजलं," तो म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "एवढंच म्हणाल्या?"

"एवढंच."

"नक्की, बाबा?"

मी मागे वळलो आणि आणखी काही आहे का, ते विचारायला माग्वेबूकडे परत गेलो.